वादळाच्या पुढे गाडी कुठे लावायची? : स्टॉर्म चेसिंगचा एक दिवस

पीएचडीला अर्ज करायच्या तयारीत असलेल्या मुलामुलींकडून एक प्रश्न वारंवार येतो. "फील्डवर्कला गेलो आणि ज्याच्यासाठी गेलो ते घडलंच नाही, तर थीसिसचं काय?" प्रश्न रास्त आहे. फेलोशिपची वर्षं मोजकी, गाईडचा धीर त्याहून मोजका. याचं उत्तर देताना मी नेहमी अमेरिकेतल्या स्टॉर्म चेसिंगचं, म्हणजे वादळांच्या पाठलागाचं उदाहरण देते. "गेलो पण घडलंच नाही" ही भीती तिथे रोजचीच आहे, आणि तरीही त्या पद्धतीतून विज्ञान उभं राहिलं आहे.

आधी एक खुलासा. माझा विषय गडगडाटी ढगांचा असला तरी माझं काम पुण्यात बसून रडारच्या नोंदींवर चालतं. त्यामुळे पुढचं सगळं हे त्या मोहिमांवर प्रसिद्ध झालेल्या पेपरांमधून आणि त्या क्षेत्रातल्या लोकांच्या लेखनातून समजून घेतलेलं आहे. दुसरा खुलासा शब्दाचा. टोर्नेडो म्हणजे आपलं तौक्ते किंवा निसर्गसारखं चक्रीवादळ नव्हे. चक्रीवादळ शेकडो किलोमीटरचं असतं आणि काही दिवस टिकतं. टोर्नेडो म्हणजे एका गडगडाटी ढगाच्या तळापासून जमिनीपर्यंत पोचलेला, जोरात फिरणाऱ्या हवेचा खांब; रुंदी बहुतेक वेळा काहीशे मीटरच्या आत, आणि आयुष्य काही मिनिटांचं.

यूट्यूबवर दिसतं ते चेसिंग बरचसं हौशी लोकांचं. मी बोलतेय ते संशोधनाच्या चेसिंगबद्दल. त्याची सुरुवात 1970 च्या दशकात ओक्लाहोमात झाली. 24 मे 1973 रोजी युनियन सिटी या गावाजवळच्या टोर्नेडोचे फोटो आणि फिल्म घ्यायला माणसं रस्त्यावर होती आणि त्याच वेळी डॉप्लर रडार त्याच ढगाकडे बघत होतं. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्यावर टोर्नेडोची एक खूण रडारच्या आकड्यांत सापडली. आज डॉप्लर रडार बघून जे इशारे दिले जातात, त्यांचं एक मूळ तिथे आहे. पुढे 1994-95 मध्ये व्हॉर्टेक्स ही मोठी मोहीम झाली आणि 2009 व 2010 च्या मे-जून महिन्यांत व्हॉर्टेक्स-2. यात 100 हून अधिक माणसं, 40 च्या आसपास गाड्या आणि त्यांतली दहाएक फिरती रडारं होती. मुक्कामाचं ठिकाण ठरलेलंच नव्हतं. आजचं वादळ जिथे नेऊन सोडेल, त्याच्या जवळपासच्या मोटेलमध्ये रात्र काढायची.

आता साहजिक शंका येते. अमेरिकेत हवामान खात्याची जवळजवळ 160 डॉप्लर रडारं आधीच उभी आहेत. मग ट्रकवर रडार लादून पळायचं कशाला?

उत्तर भूमितीत आहे, आणि मुलाखतीत विचारण्यासारखं आहे. रडारची शलाका साधारण 1 अंश रुंद असते. 100 किलोमीटर अंतरावर 1 अंश म्हणजे जवळजवळ पावणेदोन किलोमीटर. काहीशे मीटरची वस्तू तिच्यात विरघळून जाते. शिवाय शलाका जमिनीला टेकवून सोडता येत नाही. सर्वांत खालचा कोन अर्ध्या अंशाचा धरा. त्या कोनामुळे 100 किलोमीटरवर शलाकेचा मध्य सुमारे 870 मीटर वर जातो आणि पृथ्वीच्या वक्रतेमुळे आणखी सुमारे 600 मीटर, म्हणजे एकूण दीड किलोमीटरच्या आसपास. टोर्नेडो जन्माला येतो की नाही हे ठरतं जमिनीलगतच्या काहीशे मीटरमध्ये. म्हणजे जिथे गोष्ट घडते तिथेच आंधळेपणा. रडार 10 किलोमीटरवर नेलं तर शलाका 175 मीटरची होते आणि खालचा थरही दिसू लागतो. हे अंतर तोडण्यासाठीच सगळा खटाटोप.

सकाळ: अजून नसलेल्या ढगाचा पत्ता

दिवस सुरू होतो तो नकाशांसमोर. जगभर हवामानाचे फुगे एकाच वेळी सोडतात. आपल्याकडे पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या नोंदीसाठी जे फुगे जातात, त्यांतला संध्याकाळचा फुगा म्हणजे ओक्लाहोमाचा सकाळी सातचा. तो आला की चर्चा सुरू. आकाश निळंशार असतं. ढग व्हायला अजून सात-आठ तास असतात. आणि 40 गाड्यांना एक दिशा द्यायची असते.

बघायचं काय? जमिनीलगत बाष्प हवं. तिथे ते मेक्सिकोच्या आखातावरून दक्षिणेच्या वाऱ्यांबरोबर येतं. वर थंड हवा हवी, म्हणजे खालची हवा एकदा उचलली गेली की आपोआप चढत राहील. या चढण्याच्या ताकदीचा हिशोब 'केप' नावाच्या आकड्यात मांडतात. एक सोपं गणित बघा. केप 2500 जूल प्रति किलो असेल, तर वर जाणाऱ्या प्रवाहाचा कमाल सैद्धांतिक वेग म्हणजे केपच्या दुपटीचं वर्गमूळ, सुमारे 70 मीटर प्रति सेकंद. ताशी अडीचशे किलोमीटर, तेही उभ्या दिशेने! प्रत्यक्षात आजूबाजूची हवा मिसळते, पाण्याचं वजन खाली ओढतं, आणि वेग त्याच्या निम्म्याच्या आसपास येतो. तोही कमी नाही.

पण नुसत्या केपने भागत नाही. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत विदर्भ-मराठवाड्यात केप कधीकधी भरपूर असतो, ढग तासाभरात उभा राहतो आणि तासाभरात स्वतःच्याच पावसाने विझतो. वर चढणाऱ्या हवेवरच पाऊस पडतो आणि ती गार होऊन बसते. हे टाळायला लागतो उंचीनुसार बदलणारा वारा. खाली आग्नेयेचा, वर पश्चिमेचा आणि जोरदार. मग पाऊस एका बाजूला वाहून जातो, चढता प्रवाह मोकळा राहतो आणि ढग काही तास जगतो. त्याच वाऱ्याच्या फरकामुळे हवेत आडवं फिरणं आधीच असतं. पोळपाटावर हाताखाली पेन्सिल घोळवावी तसं. चढता प्रवाह ते फिरणं उभं करतो आणि अख्खा ढगच हळूहळू फिरू लागतो. हा सुपरसेल.

राहिली एक गोष्ट, आणि चेसिंगमधली सगळी घालमेल तिच्यामुळे. जमिनीपासून दीड-दोन किलोमीटरवर उबदार, कोरड्या हवेचा थर असतो; खालच्या दमट हवेवरचं झाकण म्हणा. झाकण कमकुवत असेल तर सकाळीच सगळीकडे ढग फुटतात, एकमेकांची ऊर्जा खातात, हाती लागतो नुसता पाऊस. झाकण फार घट्ट असेल तर दिवसभर ऊन आणि संध्याकाळी सुंदर सूर्यास्त. हवं असतं ते मधलं: दुपारपर्यंत दाब धरणारं आणि चारच्या सुमाराला एकाच ठिकाणी फुटणारं. ते ठिकाण बहुतेकदा एखाद्या सीमेवर असतं. आखाताची दमट हवा आणि पश्चिमेच्या पठारावरची कोरडी हवा जिथे भेटते ती ड्रायलाइन, किंवा आदल्या रात्रीच्या वादळाने मागे सोडलेली गार हवेची कड.

म्हणजे सकाळी जे ठरवलं जातं ते एक गृहीतकच असतं: "आज दुपारी या तालुक्याएवढ्या पट्ट्यात, या कारणाने, वादळ उभं राहील." आपण सिनॉप्सिसमध्ये गृहीतक लिहितो आणि त्याची परीक्षा तीन वर्षांनी होते. इथे संध्याकाळपर्यंत निकाल.

दुपार: वाट बघणं

याबद्दल कुणी व्हिडिओ करत नाही. दोनशे-तीनशे किलोमीटर गाडी चालवून पेट्रोल पंपावर थांबायचं. टाकी भरून घ्यायची, कारण नंतर वेळ मिळेलच असं नाही. टॉयलेटला जाऊन यायचं, तेही त्याच कारणाने. खाण्याच्या नावाखाली चिप्स. रडारची टीम यंत्रं तपासते, फुगेवाली टीम आणखी एक फुगा सोडून झाकण किती उरलंय ते बघते. कधी ढग उभे राहतात आणि वर चपटे होऊन विरून जातात. कधी 150 किलोमीटर दूर, दुसऱ्याच राज्यात, पहिला ढग फुटतो. रिकाम्या हाताने परतायच्या दिवसाला चेसर मंडळी 'बस्ट' म्हणतात. शब्द हौशी लोकांचा आहे. संशोधकाने तो जपून वापरावा असं माझं मत आहे. कारण पुढे येईल.

ढग फुटला की कामाचा वेगच बदलतो. सिनेमात गाड्या वादळाच्या मागे लागलेल्या दिसतात. खरं तर मागे राहिलात तर संपलं. रडारवाला ट्रक चालता चालता नीट मोजू शकत नाही. थांबायचं, पाय टेकवून ट्रक सपाट करायचा, मग स्कॅन सुरू. दुसरं म्हणजे रडार वाऱ्याचा फक्त आपल्याकडे येणारा किंवा आपल्यापासून दूर जाणारा भाग मोजतं. आडवा जाणारा वारा त्याला दिसत नाही. पूर्ण वारा हवा तर दोन रडारांनी एकाच जागी, बऱ्यापैकी वेगळ्या कोनांतून बघायला हवं. दोन शलाकांमधला कोन साधारण 30 ते 150 अंशांच्या मध्ये असावा लागतो. त्यामुळे दोन ट्रकांमध्ये दहा-पंधरा किलोमीटर ठेवायचे आणि वादळ त्यांच्या समोरच्या पट्ट्यात यायच्या आधीच बसायचं. ताशी 50 किलोमीटरने जाणारं वादळ 15 किलोमीटरचा पट्टा 18 मिनिटांत पार करतं. तेवढाच वेळ.

म्हणून फील्ड कोऑर्डिनेटर नकाशावर वादळाची आत्ताची जागा बघतच नाही, अर्ध्या तासानंतरची बघतो. त्यात रस्ते. कॅन्ससमध्ये रस्त्यांची जाळी बुद्धिबळाच्या पटासारखी, जवळजवळ दर मैलाला. पण त्यांतले कितीतरी कच्चे, आणि पाऊस पडला की चिखल. झाडं, टेकाडं शलाकेच्या आड येतात ती वेगळीच.

याच वेळी लहान गाड्या वादळाच्या पोटाखालून येरझाऱ्या घालतात. यांच्या टपावर तापमान, आर्द्रता, दाब आणि वारा मोजणारी यंत्रं असतात. गाडी ताशी 80 ने पूर्वेला चालली असेल तर ॲनिमोमीटरला शांत हवेतही 80 चा वारा लागणार. गाडीचा वेग आणि दिशा जीपीएसवरून घेऊन तो सदिश वजा करावा लागतो. ऐकायला बारावीचं गणित. पण गाडी वळत असताना, ब्रेक मारताना किंवा शेजारून ट्रक जाताना घेतलेल्या नोंदी वेगळ्या काढायला महिने जातात. कुठल्या तरी पीएचडीच्या विद्यार्थ्याचे, अर्थात.

5 जून 2009

2009 चा वसंत वादळांच्या दृष्टीने फारच थंड गेला. एवढी मोठी मोहीम, आठवड्यांमागून आठवडे, आणि टोर्नेडो नाही. त्यात टीव्हीचा एक चॅनेल सोबत थेट प्रक्षेपण करत फिरत होता. पैसा सरकारी, म्हणजे हिशोब द्यायचा. त्या ताणाची कल्पना करून बघा.

5 जूनला ताफा वायोमिंगच्या आग्नेय कोपऱ्यात होता. गोशेन काउंटी, लाग्रेंज नावाच्या खेड्याजवळ. हा ओक्लाहोमाचा सपाट प्रदेश नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे 1,400 मीटर उंचीचं पठार. पूर्वेकडचे दमट वारे तिथे चढण चढत येतात. पश्चिमेच्या डोंगराळ भागाकडे वादळ उभं राहिलं आणि पठारावर सरकलं. महत्त्वाचं हे की दुपारी चारच्या सुमाराला टोर्नेडो जमिनीला टेकला, त्याच्या आधीपासून रडारं आणि गाड्या जागेवर बसून मोजत होत्या. जन्माच्या आधीची मिनिटं, मग जन्म, वाढ आणि विरून जाणं. अर्ध्या तासाच्या आसपास चाललेलं सगळं आयुष्य अनेक बाजूंनी एकाच वेळी नोंदलं गेलं. तोवर इतक्या बारकाईने मोजलेला टोर्नेडो दुसरा नव्हता.

त्या एका दुपारवर अनेक वर्षं पेपर येत राहिले. पॉल मार्कोव्हस्की आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये दोन भागांत फक्त टोर्नेडोच्या आधीचा टप्पा उलगडला. पाऊस-गारांनी गार झालेली हवा आणि बाहेरची उबदार हवा यांच्या सीमेवर नवं आडवं फिरणं तयार होतं, आणि ढगाखालचा चढता प्रवाह ते कमानीसारखं वर उचलतो, असं चित्र त्यातून पुढे येतं. म्हणजे खालचं फिरणं फक्त सकाळच्या वाऱ्यातून आलेलं नसतं. वादळ ते स्वतःच्या गारव्यातून बनवतं.

इथे बहुतेक लोक थांबतात: महिनाभर काही नाही, मग एक दिवस फळला, शाब्बास. माझ्या मते खरी गंमत त्या उरलेल्या दिवसांत आहे. रडारवर फिरताना दिसणाऱ्या ढगांपैकी टोर्नेडो बनवतात फक्त चौथा हिस्सा किंवा त्याच्या आसपास. बाकीचे तसेच दिसतात, तसेच फिरतात, आणि काहीच करत नाहीत. अमेरिकेत खोट्या ठरलेल्या इशाऱ्यांची मोठी अडचण हीच आहे. सायरन वाजतो, लोक तळघरात जातात, काही होत नाही, आणि पुढच्या वेळी कुणी उठत नाही. तेव्हा प्रश्न "टोर्नेडो कसा होतो" एवढाच राहत नाही, "दोन सारख्या ढगांपैकी एकच का करतो" असा होतो. या प्रश्नाला न झालेले टोर्नेडो तितकेच लागतात.

याचा पुरावाही आहे. मार्कोव्हस्की यांनीच सहकाऱ्यांबरोबर 2002 साली टपावर यंत्रं लावलेल्या गाड्यांच्या नोंदी दोन ढिगांत मांडल्या: टोर्नेडो देणारे सुपरसेल आणि न देणारे. वादळाच्या मागच्या बाजूने खाली येणारी हवा दोन्हींत असते. टोर्नेडो देणाऱ्यांमध्ये ती तुलनेने कमी गार निघाली. कारण पटण्यासारखं आहे: फार गार हवा जड असते, तिला पुन्हा वर उचलणं कठीण. म्हणजे फिरणं तयार व्हायला थोडा गारवा हवा आणि ते उचललं जायला तो फार नको. दुसरा ढीग नसता, लोकांनी फक्त 'यशस्वी' दिवसांच्याच नोंदी सांभाळल्या असत्या, तर हा फरक दिसलाच नसता.

म्हणून सिनॉप्सिसमध्ये "अमुक घटनेचा अभ्यास" असं लिहिण्याआधी विचार करा. "अमुक घडतं आणि घडत नाही, या दोन परिस्थितींतला फरक" असा प्रश्न मांडता आला, तर रिकामा दिवसही तुमच्या टेबलमध्ये एक ओळ भरतो. फक्त एक अट आहे: त्या दिवशीही मोजणी तितकीच चोख केलेली हवी. आज काही होणार नाही म्हणून यंत्र बंद करून झोपलात तर ती ओळ रिकामीच राहील.

धोक्याबद्दल बोललं पाहिजे. टिम सामारास हे जमिनीवर ठेवायची टोर्नेडोची यंत्रं बनवणारे संशोधक. 24 जून 2003 ला साउथ डकोटातल्या मँचेस्टर गावाजवळ त्यांच्या यंत्रावरून टोर्नेडो गेला आणि दाब 100 मिलिबारने उतरल्याची नोंद झाली. सावध माणूस अशी त्यांची ख्याती होती. 31 मे 2013 ला ओक्लाहोमातल्या एल रीनोजवळ एका टोर्नेडोने झपाट्याने दिशा आणि वेग बदलला, तो 4.2 किलोमीटर रुंद झाला, आणि त्यात सामारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग हे तिघं गेले. फिरत्या रडारांनी त्यात प्रचंड वारे मोजले, पण अधिकृत श्रेणी पडझडीवरून ठरते आणि मोकळ्या शेतात पडायला काही नसतं, म्हणून नोंद राहिली ईएफ-3. आकडा कशावरून आला हे विचारल्याशिवाय वापरू नये, ते यासाठी.

तरीही चक डॉसवेल या जुन्या चेसर-शास्त्रज्ञाने धोक्यांचा क्रम लावला, त्यात पहिला आहे रस्ता, दुसरी वीज आणि वादळ तिसरं. एप्रिल 2022 मध्ये ओक्लाहोमाचे हवामानशास्त्राचे तीन विद्यार्थी चेसिंगवरून परतताना ओल्या हायवेवरच्या अपघातात गेले. तुमच्या फील्डवर्कच्या आराखड्यात "रात्री गाडी कोण चालवणार" ही ओळ आहे का, ते बघा. बजेट नाही म्हणून दुसरा ड्रायव्हर काटला जातो, हे आपल्याकडे सर्रास चालतं आणि ते चुकीचं आहे.

आपल्याकडे असं चेसिंग का नाही, असंही विचारतात. टोर्नेडो या उपखंडात होतात. 26 एप्रिल 1989 ला बांगलादेशातल्या माणिकगंज भागातल्या टोर्नेडोत सुमारे 1,300 माणसं गेल्याचं मानलं जातं, आणि तो जगातला सर्वांत प्राणघातक समजतात. पण दाट वस्ती, झाडी, नद्या, अरुंद रस्ते यांत वादळाच्या पुढे धावणं म्हणजे वेडेपणा. पद्धत मात्र इथेही तीच. सोलापूर भागात 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात पुण्याच्या आयआयटीएमने कृत्रिम पावसाच्या प्रयोगासाठी विमान, रडार आणि पर्जन्यमापक मांडले होते. तिथेही योग्य ढगाची वाट बघायची, ढग मिळाला की त्यात बीज टाकायचं की नाही हे यादृच्छिक पद्धतीने ठरायचं, आणि 'नाही' आलं तरी त्या ढगाची मोजणी पूर्ण करायची. समोर हवा तसा ढग, विमान तयार, आणि तरी हात आवरायचा.

व्हॉर्टेक्स-2 च्या बऱ्याच नोंदी बोल्डरमधल्या एनकार या संस्थेच्या संग्रहात सगळ्यांसाठी उपलब्ध आहेत. पायथन येत असेल तर पायआर्टने रडारच्या फाइली उघडता येतात. गोशेनचा दिवस सगळेच आधी उघडतात. तुम्ही त्याच मोसमातला टोर्नेडो न झालेला एखादा दिवस घ्या, टपावरच्या गाड्यांचं तापमान काढा, आणि वादळाच्या मागची हवा पुढच्या हवेपेक्षा किती गार होती ते बघा. अडलात तर कॉमेंटमध्ये विचारा.